सहल पाण्याकाठी, ठरवाठरवी घरी



भातकापणी उरकली, झोडणी झाली, दिवाळीचा फराळ डब्याच्या तळाशी गेला, की आपल्या गटाच्या बैठकीत एक विषय हमखास निघतो. बचत जमा होते, हप्ते लिहून होतात, वहीवर सह्या होतात आणि मग कुणीतरी हळूच म्हणतं, "यंदा कुठंतरी जाऊया ना गं सगळ्याजणी."

ही हौस काही आजकालची नाही. कार्तिकात आवळीभोजनाला जायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. घरातला स्वयंपाक बांधून घ्यायचा, आवळ्याच्या झाडाखाली पंगत मांडायची आणि दिवस बाहेर काढायचा. आजीच्या काळात गावाबाहेरची राई होती, आता गाडी करून धरणावर, तळ्यावर जाता येतं. पण पाणी आलं की त्याच्यासोबत धोकाही येतो. म्हणून आज आपण तळ्याकाठच्या सहलीबद्दल बोलणार आहोत. जाऊ नका, असं सांगायला आम्ही आलेलो नाही. जा, आणि गेलात तेवढ्याच सगळ्याजणी परत या, एवढंच सांगायचं आहे.

आमची फसलेली सहल

आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आमचा गट पहिल्यांदा सहलीला निघाला. श्रावण होता, लावणीची कामं संपली होती, सगळीकडे हिरवंगार. आम्ही बावीस जणी आणि तीन पोरं. जायचं ठरलं आदल्या रात्री, तेही फोनवर. तालुक्यातलं एक छोटं धरण, तिथं सांडव्यावरून पाणी फेसाळत पडतं, त्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेले. तिथंच गेलो.

कुणी काय करायचं हे काहीच ठरलेलं नव्हतं. अर्ध्याजणी सांडव्याच्या कडेला, काही खाली पाण्यात, पोरं कुणाकडे आहेत याचा कुणालाच पत्ता नाही. आमच्यातली एक ताई फोटोसाठी एक पाऊल मागे सरकली. कातळावर शेवाळं होतं. पाय सटकला आणि ती कमरेएवढ्या पाण्यात ओढली गेली. तिची साडी एका दगडाच्या कपारीत अडकली म्हणून ती तिथं थांबली आणि दोघींनी तिचा हात धरला. चपला आणि फोन वाहून गेला. माणूस राहिलं.

पण खरा फटका घरी आल्यावर बसला. "बायकांना कुणी सांगितलं होतं धरणावर जायला?" प्रत्येकीच्या घरात हेच एक वाक्य. पुढची दोन वर्षं आम्ही कुठंच गेलो नाही. गटाच्या कर्जाला कुणाचा विरोध नव्हता, लोणच्या-पापडाच्या स्टॉलला नव्हता, सहलीचं नाव काढलं की मात्र सगळ्यांना धरण आठवायचं. पुरुषांची एखादी सहल बिघडली तर एक सहल बिघडते. आपली बिघडली की पुढच्या सगळ्या सहली बंद होतात. म्हणून मैत्रिणींनो, ही काळजी जिवासाठी आहेच, पण आपल्या मोकळ्या दिवसासाठीही आहे.

त्या दोन वर्षांत आम्ही एक गोष्ट शिकलो. पाण्याकाठी गेल्यावर डोकं शांत राहत नाही. हवा छान असते, हसणं-खिदळणं चालू असतं, कुणी म्हणतं "चल गं, काही होत नाही" आणि आपण जातो. म्हणून जे ठरवायचं ते घरी, बैठकीत, वही समोर ठेवून ठरवायचं. काठावर फक्त ते पाळायचं.

शांत पाणी का फसवतं

आपण रत्नागिरी जिल्ह्यातली माणसं. समुद्राची भीती आपल्याला लहानपणापासून असते. तो गरजतो, लाटा दिसतात, भरती-ओहोटी कळते. तळं मात्र गप्प असतं. ताटात पाणी ठेवावं तसं सपाट दिसतं, म्हणून आपण बिनधास्त होतो.

तळ्याचं पाणी वरून दिसतं तसं आत नसतं. धरण बांधताना भिंतीसाठी माती तिथलीच काढलेली असते, त्याचे खड्डे पाण्याखाली तसेच राहतात. घोट्याएवढ्या पाण्यात चालताना पुढचं पाऊल डोक्याएवढ्या पाण्यात पडू शकतं. कडेला गाळ असतो. त्यात पाय रुतला की तो उपसायच्या धडपडीत तोल जातो. बुडालेल्या झाडांची खोडं असतात, जुनी जाळी असतात. आणि सांडव्याजवळ वरून संथ दिसणाऱ्या पाण्याला खाली जोराची ओढ असते.

"मला पोहता येतं" असं म्हणणाऱ्या बायका आपल्यात आहेत. विहिरीत शिकलेल्या, चांगल्या पोहणाऱ्या. पण विहिरीत चार हातांवर काठ असतो. तळ्यात काठ जवळ दिसतो आणि पोहायला लागलं की लांब जातो. शिवाय अंगावर साडी. भिजलेली साडी जड होते आणि पायांना गुंडाळते. पाय हलवताच आले नाहीत तर पोहणं कसलं?

आपल्या देशात दरवर्षी ३५ हजारांहून अधिक माणसं बुडून जातात, असं सरकारी नोंदी सांगतात. त्यातले कितीतरी जण रोजच्या ओळखीच्या पाण्यात जातात. बुडण्यापासून बचाव या विषयासाठी संयुक्त राष्ट्रांनी २५ जुलै हा दिवस ठरवला आहे. आपल्याकडे तो दिवस ऐन पावसाळ्यात येतो, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

कधी जायचं

आमचा पहिला ठराव असा: जून ते सप्टेंबर धरण नाही, धबधबा नाही, पऱ्यात उतरणं नाही.

आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा या चार महिन्यांत. घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो, आपल्या डोक्यावर ऊन असतं आणि तेवढ्यात पऱ्याला लोंढा येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्याला हेच झालं. भुशी धरणाच्या मागच्या बाजूला धबधबा आहे. एका कुटुंबातली माणसं तिथं प्रवाहात उभी होती. पाणी अचानक वाढलं. ती एकमेकांना घट्ट धरून राहिली, पण पाच जण वाहून गेले. एक बाई आणि चार मुलं. तो व्हिडिओ आपल्यातल्या पुष्कळ जणींनी पाहिला असेल.

आपल्या चिपळूण तालुक्यातलं तिवरे तर कुणी विसरणार नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री तिथलं धरण फुटलं आणि वीसहून अधिक माणसं गेली. ती काही सहलीला गेली नव्हती, आपापल्या घरात होती. पावसाळ्यात भरलेल्या धरणात केवढी ताकद साठलेली असते, ते तिवऱ्यावरून कळतं. अशा वेळी भिंतीवर, सांडव्यावर किंवा धरणाच्या खालच्या अंगाला मजा म्हणून जाऊ नये.

वाहत्या पाण्याजवळ कधी अडकलातच, तर तीन खुणा ध्यानात ठेवा. स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागलं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या, पाण्याचा आवाज वाढला. यातली एक जरी दिसली तरी सामान सोडून उंचावर जायचं. पलीकडच्या काठावर राहिलेली पिशवी आणायला जायचं नाही.

मग जायचं कधी? दिवाळीनंतर ते माघापर्यंतचे दिवस सगळ्यात चांगले. तळं भरलेलं असतं, पाणी निवळलेलं असतं, ऊन सोसवतं. ऑक्टोबरात मात्र दुपारनंतर गडगडाट होतो. वीज चमकली की आकडे मोजायला लागा. तीसच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज जवळ आहे. पाण्यापासून लांब व्हा, गाडीत किंवा पक्क्या इमारतीत बसा, झाडाखाली थांबू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर येऊ नका.

एप्रिल-मे महिन्यातही संध्याकाळचा भरवसा नाही. २१ मे २०२४ ला उजनी धरणाच्या पाण्यात संध्याकाळी वादळी वारा सुटला आणि माणसं घेऊन निघालेली होडी उलटली. सहा जण गेले. म्हणून पाण्यावरचं जे काही असेल ते सकाळी उरकायचं, दुपारनंतर काठावर बसायचं.

आदल्या दिवशी हवामान खात्याचा अंदाज बघा. ऑरेंज किंवा रेड अलर्ट असेल तर सहल पुढे ढकला. गाडीचा आगाऊ दिलेला पैसा गेला तर जाऊ दे.

बैठकीत काय ठरवायचं

सहलीच्या आधी निदान दोन बैठका तरी हव्यात. पहिलीत जागा ठरवा आणि दोघींना ती आधी बघून यायला सांगा. बघून आलेल्यांनी पाच गोष्टी सांगायच्या. गाडी कुठपर्यंत जाते? सावली आणि बसायला सपाट जागा आहे का? प्यायचं पाणी कुठलं? बायकांसाठी स्वच्छतागृह आहे का? फोनला रेंज आहे का आणि नसेल तर किती अंतरावर मिळते? जवळचं आरोग्य केंद्र किती लांब, तेही विचारून या.

त्या गावच्या माणसांशी बोला. ग्रामपंचायतीत जा, देवस्थान असेल तर पुजाऱ्यांना विचारा. कुठं पाय घालू नये हे गावातल्या बायकांएवढं कुणाला ठाऊक नसतं. पाटबंधारे खात्याचा "पाण्यात उतरू नये" असा फलक असेल तर तो आपल्यासाठीच आहे असं समजा. चिपळूणकडे वाशिष्ठीत मगरी आहेत हे आपल्याला माहीत आहे, म्हणून अनोळखी पाण्यात मगर आहे का, हे विचारायला लाजू नका.

स्वच्छतागृहाचा विषय हसण्यावारी नेऊ नका. सोय नसेल तर बायका सकाळपासून पाणीच पीत नाहीत. मग उन्हात चक्कर येते, आणि पाण्याच्या कडेला चक्कर येणं म्हणजे काय ते सांगायला नको. जाताना कुठं थांबायचं ते ठरवून ठेवा. दोन जुन्या साड्या आणि दोरी बरोबर असली तर आडोसाही करता येतो.

दुसऱ्या बैठकीत माणसांची यादी करा. प्रत्येकीचं नाव आणि घरचा फोन नंबर. कुणाला फिट येते, कुणाला साखर आहे, कुणाला दम लागतो, कुणाला दिवस गेलेत, हे विश्वासाने सांगायला लावा. फिट येणाऱ्या ताईने पाण्यापासून लांबच बसायचं आणि तिच्याजवळ कायम एकीने राहायचं. यादीची एक प्रत गावात ठेवायची. संध्याकाळी सातपर्यंत आमचा फोन आला नाही तर तुम्ही करा, असं कुणाला तरी सांगून निघायचं.

पैशाचं सोपं गणित करा. दर महिन्याला ५० रुपये वेगळे ठेवले तर दहा महिन्यांत प्रत्येकीचे ५०० होतात. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळते, त्याची चौकशी आगारात करा. टेम्पोत किंवा पिकअपच्या मागे दाटीवाटीने बसून जाऊ नका. विषय निघालाच आहे तर एक विचारतो: प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता तुमच्या खात्यातून जातो का? वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वयापर्यंत, आणि अपघाती मृत्यूला २ लाखांचा विमा. सहल असो-नसो, हा सगळ्यांचा असायला हवा.

शेवटी कामं वाटा. एक मोजणारी. गाडीत चढताना, उतरताना, जेवायच्या आधी आणि निघताना ती सगळ्यांना मोजते. दोघी पाण्यावर नजर ठेवणाऱ्या. एकीकडे औषधाचा डबा. एकीकडे दोरी. हे सगळं ठराव म्हणून वहीत लिहा. लिहिलेलं असलं की तिथं कुणी कुणावर रागावत नाही. "मी नाही म्हणत गं, ठरावच आहे" असं म्हणता येतं.

काठावर पोचल्यावर

गाडीतून उतरल्यावर आधी हद्द आखा. एखादं झाड, एखादा दगड दाखवा आणि याच्या पुढे कुणी जायचं नाही, असं सगळ्यांना, पोरांनाही सांगा.

पाण्यात उतरायचं नाही, हा आमचा सरळ नियम आहे. पाय भिजवायचे तर गावकऱ्यांनी दाखवलेल्या जागी, पायाखालची जमीन दिसत असेल तिथं, आणि एकीचा हात दुसरीच्या हातात. पायाला जखम किंवा भेग असेल तर तेही नको. लेप्टो आपल्या कोकणाला नवा नाही. सहलीनंतर पंधरा-वीस दिवसांत ताप आला, अंग दुखलं, डोळे लाल झाले, तर डॉक्टरांना "मी पाण्यात गेले होते" हे आवर्जून सांगा.

पाण्यावर नजर ठेवणाऱ्या दोघींनी तेवढा वेळ दुसरं काही करायचं नाही. फोन नाही, गप्पा नाहीत. अर्ध्या तासाने पाळी बदलायची. हे एवढं कशाला, असं वाटेल. पण बुडणारं माणूस सिनेमात ओरडतं तसं ओरडत नाही. त्याला श्वासच मिळत नसतो, हाक कुठून मारणार? तोंड पाण्याच्या पातळीला, डोकं मागे कललेलं, हात पाणी खाली दाबल्यासारखे. बघणाऱ्याला वाटतं, खेळतंय. अर्ध्या-एका मिनिटात ते खाली जातं. म्हणून लहान मूल पाण्याजवळ असेल तर ते आपल्या हाताच्या अंतरावरच हवं. "सगळ्याजणी बघतायत" म्हणजे कुणीच बघत नसतं.

फोटो काढा, हवे तेवढे काढा. पण पाण्याकडे पाठ करून नको, भिंतीवर चढून नको, आणि मागे सरकायचं नाही. मागे सरकायचं असेल तर फोटो काढणारीने सरकायचं.

होडीत बसायचं असेल तर

होडीला आमचा नकार नाही. पण आधी विचारायचं, होडी किती माणसांची आहे? तो आकडा होडीवर लिहिलेला असायला हवा. दहाची असेल तर अकरावी बसणार नाही, पोर धरून. १८ जानेवारी २०२४ ला बडोद्याच्या हरणी तळ्यात शाळेच्या सहलीची होडी उलटली. बारा विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती आणि सगळ्यांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं.

जॅकेट खांद्यावर टाकून उपयोग नाही. सगळे पट्टे, सगळी बक्कलं लावायची. मग दुसरीने खांद्याजवळ धरून वर ओढून बघायचं. जॅकेट हनुवटीच्या वर आलं तर ते मोठं आहे, बदलून घ्या. मुलांना मोठ्यांचं जॅकेट चालत नाही. पदर खोचून घ्या, साडी थोडी वर घ्या. सलवार-कुडता असेल तर अधिक बरं. होडीत उभं राहायचं नाही. काहीतरी दिसलं म्हणून सगळ्यांनी एका बाजूला झुकायचं नाही. होडी उलटलीच तर तिला धरून राहायचं, पोहत काठ गाठायला जायचं नाही. जॅकेट मिळत नसेल तर काठावरून होडी बघायची. तीही छान दिसते.

कुणी पाण्यात पडलं तर

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपलं माणूस पाण्यात गेलं की आपण मागचा-पुढचा विचार न करता उडी मारतो. आई तर मारतेच. आणि मग एकाच्या जागी दोघं-तिघं जातात. बुडणारं माणूस जीव वाचवायला समोरच्याच्या गळ्याला मिठी मारतं, तेव्हा चांगला पोहणाराही खाली जातो.

म्हणून क्रम पाठ करा: ओरडा, लांबवा, फेका. ओरडून माणसं जमवा. काठी, बांबू, फांदी पुढे करा, तीही आडवं झोपून, नाहीतर आपणच ओढले जाऊ. तेवढं पुरलं नाही तर दोरी फेका, रिकामा कॅन फेका. पाच लिटरचा झाकणाचा कॅन घ्या, त्यात थोडं पाणी ठेवा म्हणजे लांब जातो, आणि कडीला वीस-पंचवीस हात दोरी बांधा. ही आपली घरची लाइफलाइन. आमच्या प्रत्येक सहलीला ती असते.

आणि दोरी नसेल तर? आपल्या अंगावर साडी आहे. तमिळनाडूत पेरांबलूर जिल्ह्यात कोट्टराई धरणावर ६ ऑगस्ट २०२० ला चार तरुण पाण्यात बुडायला लागले. तिथं तीन बायका होत्या. त्यांनी अंगावरच्या साड्या सोडल्या आणि त्यांच्याकडे फेकल्या. दोघं त्या साड्या धरून बाहेर आले. दोघांना वाचवता आलं नाही. त्या तिघींचा पुढे तिथल्या सरकारने गौरव केला. त्या वेळी त्यांनी लाज आड येऊ दिली नाही. बुडताना पायांना गुंडाळणारी साडी काठावरून मात्र दोरी होते, हे त्यांनी दाखवलं.

माणूस बाहेर काढलं की १०८ ला फोन करा, लागला नाही तर ११२. पोट दाबू नका. पाय धरून उलटं टांगू नका, पोटावर घालून फिरवू नका. आपल्याकडे हे सर्रास करतात. त्यात वेळ जातो आणि पोटातलं वर येऊन श्वासात अडकतं. त्याला सपाट जागी उताणं निजवा. श्वास चालू असेल पण शुद्ध नसेल तर कुशीवर करा. श्वास नसेल तर हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून ३० वेळा दाबा. मोठ्या माणसाची छाती पाच-सहा सेंटिमीटर खाली जायला हवी, मिनिटाला शंभर ते एकशेवीस या वेगाने. पुन्हा दोन श्वास, पुन्हा तीस. मदत येईपर्यंत थांबायचं नाही.

हे ऐकून जमत नाही, हाताने करून बघावं लागतं. तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गटाचं पत्र द्या आणि एक दिवस शिकवायला सांगा. आणि पाण्यातून काढलेलं माणूस उठून बसलं, बोलायला लागलं तरी दवाखान्यात न्यायचंच. छातीत गेलेलं पाणी काही तासांनीही त्रास देतं.

तळं जसं होतं तसं

जबाबदारी फक्त आपल्या जिवाची नसते. ज्या तळ्यावर आपण एक दिवस जातो, त्याचं पाणी त्या गावाच्या बायका वर्षभर भरतात. म्हणून तिथं भांडी घासायची नाहीत, साबण लावायचा नाही. राख चोळायची असेल तर पाणी बादलीत घेऊन, काठापासून लांब. प्लास्टिकची ताटं-पेले, थर्माकोल हे आपल्या राज्यात २०१८ पासून बंद आहेत. आपण पत्रावळी, द्रोण नाहीतर केळीची पानं नेऊ. त्याहून बरं म्हणजे प्रत्येकीने आपलं ताट-वाटी-पेला आणायचा. उष्टं पाण्यात टाकायचं नाही. मासे खातील, असं आपण म्हणतो, पण ते कुजून पाणी नासतं. पॅड कागदात गुंडाळून परत न्यायची पिशवी ठेवा. चूल पेटवायची वेळच येऊ नये म्हणून घावणे, चटणी, भाकरी, कोकम सरबत असं घरूनच न्या. मोठ्या आवाजात गाणी लावू नका. काठावर पाणपक्षी असतात, आणि आपण गाऊ शकतोच की.

निघताना मोजणारी माणसं मोजते, तेव्हा आणखी एकीने मागे वळून जागा बघायची. आपण इथं आलो होतो हे कळायला नको.

पुन्हा निघालो तेव्हा

दोन वर्षांनी आम्ही पुन्हा सहल काढली. कार्तिकात, दोन बैठका घेऊन. गेलो धामापूरला. मालवण तालुक्यातलं हे तळं १५३० सालचं, विजयनगरच्या काळातल्या नागेश देसाईंनी गावकऱ्यांच्या साथीने बांधलेलं. काठावर भगवतीचं देऊळ. चारशे नव्वद वर्षांनी, २०२० मध्ये, आंतरराष्ट्रीय सिंचन आयोगाने त्याला जागतिक वारसा म्हणून मान दिला. एवढी वर्षं ते टिकलं, कारण प्रत्येक पिढीतल्या कुणीतरी त्याची काळजी घेतली.

त्या दिवशी आम्ही देवीची ओटी भरली, झाडाखाली जेवलो, फुगड्या घातल्या, दुपारभर पाण्याकडे बघत बसलो. पाण्यात कुणीच उतरलं नाही आणि कुणाची मजाही कमी झाली नाही. पाण्यावर नजर ठेवायची पहिली पाळी कुणी मागून घेतली माहीत आहे? सांडव्यावर पाय सटकलेल्या त्या ताईने. गळ्यात शिट्टी, हातात दोरीचा कॅन. संध्याकाळी गाडीत मोजणी झाली, निघालो होतो तेवढ्याच होतो. घरी गेल्यावर कुणाच्या सासूने विचारलं, "पुढच्या वर्षी मला न्याल का गं?"

तर मैत्रिणींनो, येत्या बैठकीत हा विषय काढा. तारीख, जागा, यादी, कामं, सगळं वहीत लिहा. एक दोरी आणि एक कॅन आजच बाजूला काढून ठेवा. आणि सहल झाली की आम्हाला जरूर कळवा, किती जणी गेलात आणि काय काय बघून आलात.